चिमाबाईची कात्री

सोलापूर, ता. २० ऑगस्ट १९२८

चि. सौ. जगदेवीस शांतम्मा मावशीचे अ. उ. आ.

पत्र पोचले. पाचवा महिना लागल्याचे तू अगदी शेवटी, कडेला चिमटून लिहिलेस. ती पहिली ओळ असायला हवी होती. रागावले नाही. गेल्या वर्षीच्या बाळानंतर तुला हे लिहायची भीती का वाटली, ते कळते. अंगाने चांगले मूल, सातव्या दिवशी दूध ओढेना, जबडा मिटला आणि नवव्या दिवशी गेले. तो देवाचा कोप नव्हता. तो धनुर्वात होता. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की तो शिरतो.

या खेपेस सोलापुरास ये. इथल्या प्रसूतिगृहात मला बावीस वर्षे झाली, सुईणींचा वर्गही मीच घेते. आई नसलेल्या मुलीला एवढे माहेर पुरे आहे. सासूबाईंना मान्य नसेल तर कारण कळव. उसासे नकोत.

लोभ आहेच, तो टिकवायचा तर रोज दूध पीत जा.

शांतम्मा

बार्शी, ता. २७ ऑगस्ट १९२८

ती. मावशीस जगदेवीचे सा. न. वि. वि.

उसासा न टाकता कारण लिहिते. सासूबाई म्हणतात की या घरची सगळी मुले चिमाबाई सुईणीच्या हातावर आली, त्यांच्या लेकाची नाळही तिनेच कापली आणि तो चांगला धडधाकट आहे. परक्या हाती सून द्यायची नाही. तो धडधाकट लेक सध्या दोघींच्या मध्ये न पडता सकाळीच अडतीवर पळतो.

मग मीच सुचवले की चिमाबाईलाच तुझ्या वर्गाला पाठवू. ती ओट्यावर तंबाखू मळत बसली होती. म्हणाली की चाळीस वर्सं केलं ते काय शिकल्याबिगर केलं व्हय? थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली की पोरीचं लेकरू माझ्याच हातनं गेलं, तवापास्नं झोप न्हाय, जाते की.

सोमवारी ती कुर्डुवाडीवरून येईल. मावशी, तिच्यावर एकदम ओरडू नकोस. तुझा आवाज मी लहानपणापासून ऐकते आहे.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी जगदेवी

सोलापूर, ता. २ डिसेंबर १९२८

चि. सौ. जगदेवीस अ. उ. आ.

ओरडले. आधी तेच सांगते.

तीन महिने चिमाबाई नेमाने शिकली. नखे कापली, कुरकुरत का होईना बांगड्या उतरवल्या. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे हे एकदा तिने माझ्याआधी सांगितले. कापडी बाहुलीवर नाळ कापायचा धडा तर तिचा सगळ्यांत चोख. परीक्षेला मात्र खरी बाळंतीण होती. कात्री पुरती उकळली, हात धुतले, मूल सुखरूप आले. आणि कापायच्या क्षणी बाई वाकली, कात्री जमिनीला टेकवली, कपाळाला लावली. मी ती हातातून हिसकावून दुसरी दिली.

मागाहून विचारले तर शांतपणे म्हणाली की कापायच्या आदी धरणीची परवानगी घ्यावी लागते, चाळीस वर्सं घेते. बाहुलीला जीव न्हाय, तिच्यापायी धरणीला कशाला तरास द्यायचा?

मी बारा जणींसमोर आवाज चढवून सांगितले की धनुर्वाताचे विष मातीतच असते. तिला नापास केले. तिने फक्त विचारले की जगदेवीच्या लेकराला तेच झालं व्हय? मी हो म्हटले. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन दिवस जेवली नाही.

त्या दोन दिवसांत मीही स्वतःला बरेच बोलून घेतले. तीन महिने तिला मी शिकवत होते. तू आजवर कसे करत आलीस, हे एकदाही विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेगडीपाशी आली. कात्री भुईला टेकवली, कपाळाला लावली आणि मग खळखळत्या पाण्यात सोडली. मला म्हणाली की नमस्कार आदी केला म्हणून धरणी काय रुसत न्हाय, बाई. नमस्कार बंद करायला मी महिनाभर डोके फोडले असते. तिने त्याची नुसती जागा बदलली. पुढच्या बाळंतपणाला पुन्हा परीक्षा घेतली. पास केले, आणि मेहेरबानीने नाही.

गुरुवारी ती निघते. ती सांगेल तसे वाग.

तुझी काळजी करणारी,
शांतम्मा

बार्शी, ता. १९ जानेवारी १९२९

ती. मावशीस कृ. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. आज तिचा दहावा दिवस. पत्र मुद्दाम आजवर लिहिले नाही.

कळा सुरू होताच चिमाबाईने कात्री भुईला टेकवली, सासूबाईंनाही हात जोडायला लावले आणि पातेले चुलीवर चढवले. नंतर सासूबाई नाळेला लावायला चुलीतली राख घेऊन आल्या, तर ती आडवी उभी राहिली. म्हणाली की चाळीस वर्सं माझं ऐकलंसा, आज बी ऐका. राख तशीच माघारी गेली.

सातव्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. चिमाबाई उंबऱ्यात बसून दर वेळी विचारायची की ओढतंय का? संध्याकाळी पोरीने असे ओढले की मी ओरडलेच. ते ऐकून चिमाबाई अशी रडायला लागली की तिला गप्प करायला सासूबाईच उठल्या. नववा दिवसही तसाच सुखाने गेला.

सासूबाईंनी तुला शेंगाची चटणी पाठवली आहे. सोलापुरास चटणी पाठवायचे धाडस त्यांनाच जमावे! पुढचा वर्ग कधी, हेही विचारले आहे; त्यांच्या बहिणीच्या गावची केराबाई सुईण यायला तयार आहे. मावशी, तुझे उपकार कसे मानू ते कळत नाही.

दोघींवरही असाच जीव लाव.

तुझी जगदेवी

सोलापूर, ता. २३ जानेवारी १९२९

चि. सौ. जगदेवीस आणि तिच्या लेकीस अ. उ. आ.

उपकार चिमाबाईचे मान. मीही मानते, तिला तसे वाचून दाखव. वर्ग १ फेब्रुवारीला सुरू होतो. केराबाईला नखे कापूनच पाठवा. यंदा पहिला धडा बदलला आहे. पहिल्या दिवशी मी काही शिकवणार नाही, फक्त एकेकीला विचारणार की तू कसे करतेस?

तुझे पत्र आले तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत जायची घाई होती. उभ्यानेच वाचले. मग कात्री घेतली, इकडेतिकडे पाहिले, आणि उकळत्या पाण्यात सोडण्याआधी जमिनीला टेकवली.

चटणी चांगली आहे. थोडे मीठ कमी.

तुम्हा दोघींची,
शांतम्मा