दुपट्यातली कडी

घोटावडे, शुक्रवार, फेब्रुवारी २००७

रागवावं की हसावं? हसूच येतंय.

जन्मताना माझ्या तान्ह्या रेवाच्या उजव्या खांद्याच्या नसा ताणल्या गेल्या, हात हलत नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरांना एमआरआय हवा होता. भूल द्यायला नको म्हणून तिला वाटेत जागं ठेवायचं आणि तिथे पाजून, गुंडाळून झोपवायचं. पुण्यापर्यंत आमच्या घरमालकीण मावशी तिच्या तळपायांना गुदगुल्या करत होत्या.

तिथे मी तिचा करदोडा काढला, बिंदल्या काढल्या. "अंगावर काही धातू?" मशीनवाल्यांनी विचारलं. "काही नाही," मी ऐटीत. रेवा गाढ झोपली, आणि मशीनच्या दाराशीच मावशी ओरडल्या, "थांब गं! दुपट्यात लोखंड हाय!"

कोपऱ्यात त्यांनीच शिवलेली लोखंडी कडी. दृष्ट लागू नये म्हणून! ते मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. आणि मी, एवढी कॉम्प्युटरवाली, दुपटं चाचपलंसुद्धा नाही? मावशींनी दातांनी टाके तोडले, कडी मुठीत धरली आणि बाहेर जाऊन बसल्या. रेवा हललीही नाही.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, नसा मणक्यातून उपटलेल्या नाहीत, पुढे तुटल्यात, जोडता येतील. जोडता येतील! मावशी म्हणाल्या, "मुठीत व्हती ना कडी."

आता उंबऱ्यावर बसून त्या कडी पुन्हा शिवतायत. सुईत दोरा जाईना म्हणून मला हाक मारली. अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावायचे ठरवूनच गेले होते.

दोरा ओवून दिला. दुहेरी.