सोड्यात टाकलेलं झाकण

बाबा, तुमच्या मोटरसायकलच्या इंजिनाचं झाकण मी बिघडवलं, आणि राग मात्र मला तुमचाच येतो आहे.

तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं ती गाडी माझ्या मानेवाड्याच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. या हिवाळ्यात ती पुन्हा चालू करायचं मी ठरवलं. इंजिन खोललं तर सगळ्या भागांवर तेलाची काजळी. तुम्ही अशा वेळी काय करायचात ते मला आठवत होतं: जुन्या पिप्यात पाणी उकळायचं, कॉस्टिक सोडा टाकायचा, भाग त्यात सोडायचे. म्हणजे चहाचा कप धरून गॅरेजच्या दारातून जेवढं दिसायचं तेवढं. आत पाऊल पडलं की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "काहून उभी आहे वं तिथं? हात काळे होतीन. जाय, आईजवळ जाय." धाकट्या भावाला मात्र शेजारी बसवायचात. त्याला कंटाळा यायचा. मला कधीच आला नसता.

मी झाकण सोड्यात सोडलं. पाणी फसफसलं, उतू गेलं, आणि झाकण बाहेर काढलं तेव्हा ते काळंठिक्कर, खड्ड्याखड्ड्यांचं. त्यावर गिअरच्या बाजूला तुमचा बूट घासून घासून एक गुळगुळीत जागा झाली होती. बाकी सगळं पॉलिश करून तेवढी तशीच ठेवायची होती मला. ती गेली. रविवारी धाकटा आला आणि पोट धरून हसला. "ताई, भजे तळून राहिली होती का? अल्युमिनियम कोणी सोड्यात टाकते? सोडा फक्त लोखंडाले, हे त बाबानं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

एक वाक्य, बाबा. तेही तुम्ही त्याला दिलंत, ज्याला ही गाडी भंगारात द्यायची आहे. लोक म्हणतात, लेकीवर फार जीव होता त्यांचा. असेलही. जीव होता म्हणून दाराबाहेर ठेवलं, असं सांगितलं तर लोक तुमचंच कौतुक करतील, आणि याचा तर मला संताप येतो.

आता शाळेतून आले की मी पॉलिश पेपर ओला करून ते खड्डे घासत बसते. काळं पाणी नखांत शिरतं, साबणानं निघत नाही. तुमच्याही नखांतलं कधी निघालं नाही. तुमचे ते हात मला फार आवडायचे. तुम्ही ते माझ्यापासून लपवायची काही गरज नव्हती.

हे तुम्हाला पाठवता येत नाही ते एका परीनं बरंच आहे. काल स्टाफरूममध्ये शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "मॅडम, हाताले काय झालं जी?" मी हात टेबलाखाली घेतले. मेंदी बिघडली, म्हणाले.