दाजीपूरला जायचं होतं

बाबा, परवा आपल्या देवळातल्या गुरवानं मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती घेऊन कुणाकडे जावं ते कळेना, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर डोळे मिटून थोडं थांबावं लागतं. दाजीपूरचं नाव निघालं की मात्र तो न बोलावता येतो, तुमच्या शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून. घरात तुम्ही आमच्यासारखेच मालवणी बोलायचात, पण त्या सहलीबद्दल बोलायचं झालं की वर्गात उभे असल्यासारखे बोलायचात. मला ते आवडायचं. आपलं काहीतरी मोठं चाललं आहे असं वाटायचं.

मी नववीत होते. ओरोसला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधायचं काम चालू होतं आणि तुम्ही शाळेत भूगोल आणि कवायत शिकवत होता. कोल्हापूरला शिक्षकांच्या शिबिराला गेलात आणि तिथून एक खूळ घेऊन आलात. एक घोडेवाले तुमच्या ओळखीचे झाले होते. लग्नांना घोडे द्यायचे, तलावाकाठी मुलांना फिरवायचे. त्यांचे घोडे घेऊन नाताळच्या सुट्टीत दाजीपूरच्या अभयारण्यात जायचं, कच्च्या रस्त्यानं रानातून हिंडायचं, तंबू ठोकून राहायचं, गवे बघायचे. समुद्र बघून बघून या पोरांना जमिनीचा चढउतार कळत नाही, नकाशावरच्या समोच्चरेषा त्यांना नुसत्या वेटोळ्या वाटतात, असं तुमचं म्हणणं. मोठे काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते, ते म्हणाले, "आपल्याकडे घोडो वरातीत सुदा दिसना नाय, नि ह्यो मास्तर पोरांक घोड्यार बसवन गवे दाखवतलो." तुम्ही हसलात. मी दारात उभी होते. मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "पोरांना म्हणजे हिलासुद्धा." ते तुम्ही म्हणालात, बाबा. मी मागितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला कोल्हापूरला मावशीकडे ठेवलंत, घोड्यावर बसायला शिकायला. मी एका तांबड्या घोडीवर बसते आहे. ती माझ्याकडे मान वळवून बघते आणि मी तिला माशासारखी थंड वाटत असेन, कारण माझे हात गारठले आहेत. घोडेवाले म्हणतात, "लगाम ओढू नगं, नुसता धर. तिला म्हाईत हाय कुठं जायचं." पहिल्या दिवशी मी मावशीचा जिना बसून बसून चढले. मांड्या अशा भरून आल्या होत्या की मावशी म्हणाली, हिच्या बापाला कोणीतरी दोन फटके द्या. सुट्टी संपत आली तेव्हा तुम्ही न्यायला आलात आणि कठड्याला टेकून बघत उभे राहिलात. मी घोडी दुडकीनं पळवत तुमच्यासमोरून नेली. घोडेवाले तुम्हाला म्हणाले, "पोरगी भ्यात न्हाई मास्तर. हिला पुढं ठिवा, पोरं मागनं येतील." परत येताना फोंडा घाटात एस.टी. वळणं घेत उतरत होती आणि तुम्ही खिडकीतून मागे बोट दाखवत होता, तिकडे, त्या रानात आपण जाणार.

मग तयारी. रोज दिवेलागणीनंतर ओटीवर नकाशा पसरायचा. मी त्याच्यावर पालथी पडायची आणि तुम्ही मला विचारायचात, मुलांना परीक्षेत विचारतात तसं. माणसं आधी पाणी पितील की घोडे? पाऊलवाट दाट रानातून जाते, गवा समोर आला तर पुढच्यानं काय करायचं? तुम्ही पहिला मुक्काम एका माळावर ठरवला होता. मी रेषा बघितल्या आणि म्हटलं, बाबा, इथून पाण्यापर्यंत उतार फार आहे, दमलेली जनावरं खाली जातील पण वर कशी येतील? तुम्ही बोटानं त्या रेषा मोजल्यात. मग तुमची खूण खोडून मुक्काम धरणाच्या पाण्याच्या काठावर हलवलात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलंत की ही दुरुस्ती माझ्या मुलीची. तंबूंसाठी तुम्ही एका होडीवाल्याकडून जुन्या शिडांचं कापड आणलंत. आई मशीनवर ते शिवायला बसली आणि घरभर माशाच्या तेलाचा वास सुटला. ती म्हणाली, "शिवूचा ता शिवन देतंय. फक्त घोड्यांचा जेवाण माका करूक सांगू नको." तंबूंच्या दोऱ्यांची भोकं मी हातानं शिवली. सुईनं बोटं सोलवटली होती आणि मला त्याचाही अभिमान होता.

डिसेंबर लागला तसं गावात बोलणं सुरू झालं. मी एकटीच मुलगी. दोन मुलांच्या घरून निरोप आले की चेडू बरोबर असेल तर आमचे झील पाठवत नाही. मोठे काका एकदा जेवताना म्हणाले, "उद्या तिका बघूक येतले तेंव्हा काय सांगतलंस? आमचा चेडू रानात पोरांवांगडा घोड्यार बसान रवला?" तुम्ही पानातली भाकरी मोडत राहिलात. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही आता बोलाल म्हणून मी घास हातातच धरून ठेवला होता. शेवटी तुम्ही म्हणालात, "सोमवारी देवाक इचारतंय. देव म्हणात ता करूया." काकांचं समाधान झालं. माझी मात्र चुळबुळ झाली, कारण देवाला विचारणारे तुम्ही नव्हता.

मी सात-आठ वर्षांची असताना कौल म्हणजे काय ते तुम्ही मला स्वयंपाकघरात दाखवलं होतं. गुरव देवाच्या मूर्तीला लावतो तशा आईच्या तांब्याच्या हंड्यावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्यात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि आपण दोघं बघत बसलो. चुलीची धग लागून एक सुकली आणि गळाली. "उजवी पडली, म्हणजे काम होणार," तुम्ही म्हणालात. "आता सांग, यात देव कुठे आहे?" मी हंड्यात वाकून बघितलं होतं आणि तुम्ही पोट धरून हसला होता. तेच तुम्ही सोमवारी सकाळी आंघोळ करून, उपरणं घेऊन देवळात गेलात. बराच उशीर लागला. मी घराच्या पायरीवर बसून होते. परत आलात, पाय धुतलेत आणि माझ्याकडे न बघता मालवणीत म्हणालात, "कौल मिळूक नाय, बाय."

मी काही विचारलं नाही. हे तुम्हाला तेव्हा बरं वाटलं असेल, मला आता ते फार लागतं. तुम्ही मला प्रश्न विचारायला शिकवलं होतंत, पण देवानं नाही म्हटल्यावर मी भांडणार कुणाशी? काकांशी भांडले असते, त्या दोन मुलांच्या आयांशी भांडले असते, तुमच्याशी तर नक्कीच. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही माझी समजूत काढायला आला असतात. तुम्ही मला भांडायला माणूसच ठेवला नाहीत. उलट मला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी तत्त्व मोडून देवळात पाय ठेवला, तरीही जमलं नाही, बिचारे. मी तुमची कीव केली, बाबा. तंबूंच्या घड्या मीच घातल्या. निघताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि मी म्हटलं, पाणी आधी घोड्यांना द्या.

तुम्ही परत आलात तेव्हा ओटी भरून गेली होती. घोडे त्या शिडाच्या वासाला बिचकले, तंबूंच्या जवळ उभे राहीनात, शेवटी त्यांना लांब बांधावं लागलं, ही गोष्ट तुम्ही रंगवून सांगितलीत. मुलं थंडीनं कशी काकडली, कोकणातली पोरं, कुणाकडे धड स्वेटर नाही, घोंगड्यांत तिघं तिघं कशी शिरली. गवे दिसले होते, धुक्यात, अगदी जवळ. सगळे हसत होते, मीही हसले. मग सगळे गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "तू सांगितलेल्या जागी मुक्काम केला. बरोबर होतीस." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. नोकरीच्या ठिकाणी, सासरी, कुणी माझं ऐकलं नाही की मी मनात म्हणायची, माझ्या सांगण्यावरून एकदा घोडे पाण्यापाशी उतरले होते. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, तुम्ही मला खाऊ देऊन गप्प केलंत.

परवा आईला घेऊन देवळात गेले होते. तिला पायऱ्या चढवत नाहीत, ती खालीच बसली. गुरव आता म्हातारा झाला आहे, पूजा त्याचा मुलगा करतो, तो नुसता खांबाला टेकून बसलेला असतो. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तू मास्तरांचा चेडू मां? ता घोड्याचा?"

मी हो म्हटलं.

"माका बरा याद आसा. मास्तर उभ्या जन्मात एकदाच इले कौलाक, म्हणान याद आसा. गाऱ्हाणा घातलंय, नि हात खाली घेवच्या आदी उजवो पडलो. मास्तर म्हणाक लागले, परत लाव. परत लावलंय. परत उजवो. मगे म्हणतत, अजून एकदा. मी म्हटलंय, मास्तरांनू, देव काय तुमच्या शाळेतलो पोरगो? उत्तर बरोबर दिल्यान तरी परत परत इचारतास?" तो हसला, खोकला, आणि मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "मगे? बरी मजा इली मां घाटार? खंय पडूक नाय मां घोड्यावरसून?"

म्हणजे इतकी वर्षं तो समजत होता की मी गेले. त्याच्या देवानं मला पाठवलं होतं. त्याला मी काय सांगणार? की मास्तर देवळाच्या पायऱ्या उतरून घरी येईपर्यंत कौल बदलला? मी म्हटलं, "नाय, पडूक नाय." तो म्हणाला, "बरा झाला." खाली आईनं विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतीस. मी म्हटलं, काही नाही, म्हातारा जुन्या गोष्टी काढून बसतो. तिला हे ठाऊक होतं का, ते मी विचारलेलं नाही. तिनं होय म्हटलं तर त्या घरात माझ्या बाजूचं कुणीच नव्हतं असं होईल, आणि ते ऐकायची माझी तयारी नाही.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. दोन मुलं गळाली असती तर कदाचित सहलच झाली नसती. काका मोठे भाऊ. मी आज तुमच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, माणसं कुठे कुठे वाकतात ते मला कळतं. तुम्ही वाकलात याचं मला एवढं वाटत नाही. पण तुम्ही तिथे उभे राहून देवाकडून नकार मिळावा म्हणून वाट बघत होता, आणि तो मिळाला नाही तेव्हा तुम्ही तो स्वतःच आणलात, आणि माझ्या हातात देताना म्हणालात की हा देवानं दिला. मला दिलेल्या नकाराला तुमचं नाव लावायचं तेवढंही तुम्हाला धैर्य झालं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच. वाचून झालं की फाडेन, घरात कुणाच्या हाती लागायला नको, तुमच्या नातीला तुम्ही अजून भिंतीवरच्या फोटोतले हसरे आजोबा आहात. फक्त एक सांगायचं राहिलं. गुरवानं ते सांगितलं तेव्हा राग लगेच आला नाही. तो घरी आल्यावर, भांडी घासताना आला. त्याआधी, तिथे खांबापाशी, क्षणभर मला फार आनंद झाला होता, की देव दोनदा हो म्हणाला होता. आणि देवावर तर माझा विश्वासही नाही.