आठ गुंडांचं घर

माय, आज मी चार पोरींना पाणी मोजायला शिकवलं. हसशील तू. पाणी मोजायला काय शिकायचं, हंडा म्हणा की गुंड म्हणा, भरला की भरला. पण माझी नोकरी आता हीच आहे. मेडशीच्या अलीकडे एका गावात नवी टाकी बांधायची आहे, आणि ती केवढी हवी हे ठरण्याआधी घरोघरी पाणी किती लागतं याची पाहणी चालू आहे. पोरी हुशार आहेत, मोबाइलवर झरझर फॉर्म भरतात. त्यातली एक म्हणाली, मॅडम, दिवसभर कशाला बसायचं, बाईला सरळ विचारलं की ती सांगेलच ना. मी म्हटलं, नाही सांगणार. तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलली नाहीस.

मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आपल्याच गावाची पाहणी माझ्याकडे आली होती. आदल्या संध्याकाळी मी एसटीने उतरले. सकाळी उठते तर न्हाणीत दोन बादल्या पाणी काढून ठेवलेलं, त्यातली एक कढत. पोरगी साहेबीण होऊन आली म्हणून तुला कोण कौतुक. मी निवांत केस धुतले, कडक इस्त्रीचा ड्रेस घातला आणि पहिला फॉर्म आपल्याच घराचा काढला. सोय म्हणून, आणि खरं सांगायचं तर मिरवायला म्हणून. वस्तीतल्या बाया अंगणात जमल्या होत्या. फॉर्मवर होतं तसं मी तुला 'तुमचं रोज किती पाण्यात भागतं' म्हणून विचारलं, तेव्हा त्या 'तुमचं'वर तू पदराआड हसू लपवलंस. मग म्हणालीस, "आठ गुंड. लय झाले आमाले."

तिथेच सगळं बिघडलं. विहारात वंदनेला तू पुढे बसायचीस, कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या भांडणाला तूच लागायचीस. तू आठ म्हटल्यावर नऊ कोण म्हणणार? शेजारच्या काकूंच्या घरात नऊ माणसं, त्यांनी सात सांगितले. पुढची सहावर आली. तांदळाच्या धुवणात भांडी विसळायची, ते पाणी लिंबाच्या झाडाला घालायचं, आणि ज्या बाईला जास्त पाणी लागतं ती उधळी, असा आपल्याकडचा हिशेब. त्यात तुझ्या सासूच्या काळापर्यंत वरच्या विहिरीवर कुणी ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहावं लागे. पाणी मागायची सवय आपल्या बायांना लागलीच नव्हती. मी मात्र खाली मान घालून आकडे लिहीत गेले. कार्यालयात साहेब म्हणाले, काम नीटनेटकं आहे. मला ते कितीतरी दिवस पुरलं.

त्या आकड्यांवर टाकी झाली. फीत कापली, नळ आले. दारात पाणी आल्यावर कोण सात गुंडांवर थांबतं? पुढच्या ओळीतल्यांच्या बादल्या भरेपर्यंत टाकी रिकामी व्हायची आणि शेवटच्या ओळीत, आपल्या दारात, नळ नुसता हवा सोडायचा. तू पुन्हा हापशीवर जायला लागलीस. गुडघे दुखायचे, तरी डोक्यावरचा गुंड सुटला नाही. उन्हाळ्यात मी आले तेव्हा पुढच्या ओळीतल्या लोकांवर तोंडसुख घेत होते. तू सुपात तूर पाखडत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "त्यायले कायले नावं ठेवून राह्यली? तुनं मले इचारलं, कितीत भागते. किती पाह्यजे, हे कुठं इचारलं?"

मला राग आला. मग तेव्हाच सांगायचं होतंस, असं मी फटकन बोलले. तू तूर पाखडत राहिलीस. पुढे चार वर्षांनी तू गेलीस, तोवर आपण हा विषय पुन्हा काढला नाही.

आज त्या गावात एका घरातून पोरींपैकी एक परत आली. बाई सहा गुंड म्हणते, लिहू का? मी स्वतः गेले. लेक माहेरी आलेली, ओसरीत केस वाळवत बसली होती. आई चुलीपाशी, ओल्या फडक्याने मान पुसत होती. मी फॉर्म बाजूला ठेवला, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, बाई, पाणी दारात असतं, कुणासाठी राखायचं नसतं, तर काय केलं असतं? तिने लेकीकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "डोक्यावरून आंघोळ केली असती. रोज." मी ते तसंच लिहून घेतलं. पोरींना सांगितलं, आजपासून प्रत्येक घरात विचारायचं, शेवटी आंघोळ कोण करतं, आणि आज कोणाची राहिली.

तुला लिहिलेला हा कागद मी आपल्या गावाच्या जुन्या फायलीत ठेवून देणार आहे, तुझ्या फॉर्मच्या मागे. एक गोष्ट तुझ्यासमोर कबूल करायचा धीर मला कधी झाला नाही. त्या सकाळी अंगणात तू माझ्यासमोर बसलीस तेव्हा तुझी वेणी कालचीच होती आणि पदराचं टोक तोंड पुसून ओलं झालेलं होतं. मी ते पाहिलं होतं. माझे केस अजून ठिबकत होते. आठ गुंड खोटे आहेत, हे मला लिहितानाच माहीत होतं, माय.