होडीच्या फटीतली दुसरी वात

मी, नाथाजी बाळू सुतार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा होड्या बांधणे, राहणार सांगलीवाडी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, कोणी शिकवल्याशिवाय लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, पण हाताने सही करायची आहे, विचार नाही. लिहून घेणाऱ्या वकील श्रद्धाताई विश्रामबागेहून आल्या आहेत. त्या म्हणतात, मुद्द्याचे तेवढे सांगा. ताई, मी मरणार आहे, तुम्ही नाही. मी सांगतो तसे लिहा.

१. राहते घर व परसातली जागा माझी पत्नी मंगल हिला. पंचेचाळीस वर्षे माझ्या कपड्यांतला लाकडाचा भुसा तिने झाडला. तिला त्या घरातून कोणी उठ म्हणायचे नाही.

२. बँकेतली ठेव मुलगी राणी हिला. तिचे सासर विट्याचे, जावई पार दक्षिणेत सोने गाळायचे दुकान चालवतात. भला माणूस आहे, पण माझी होडी बघून "किती किलो भरते?" असे विचारले होते. तेव्हापासून त्यांना मी लाकडाबद्दल काही सांगितलेले नाही.

३. आता कारखाना. चार खांब आणि वर पत्रा, त्याला आम्ही कारखाना म्हणतो. इथे माल वाहणाऱ्या होड्या होत नाहीत. हौसेने गळ टाकणाऱ्या माणसांच्या होड्या होतात, एकेका माणसासाठी एकेक. गिऱ्हाईक आले की त्याला आधी फळीवर उभे करायचे, हातात वेळूची काठी द्यायची आणि गळ फेकायला लावायचे. कोणत्या पायावर भार देतो, कुठे झुकतो, ते बघून होडीचे पोट ठरते. कागदावर आम्ही कधी रेघ मारली नाही.

आणि होडी तयार झाली की ती बुडवायची. ताई, हसू नका. फळ्यांच्या फटीत राळेत भिजवलेली कापसाची वात सैल घालायची, मग दगड भरून अख्खी नवी होडी कृष्णेत तीन दिवस पाण्याखाली ठेवायची. सागवान पाणी पिते, फुगते, आणि आपली आपण फट मिटवते. चौथ्या दिवशी वर काढली की त्या फटीत नख शिरत नाही. कोणी शिकवले त्या लाकडाला? साठ वर्षे बघतो आहे, अजून वर काढताना माझे हात जोडले जातात. देवळात कधी इतक्या मनापासून जोडले नाहीत.

वात सैल घालण्यात सगळी करामत आहे. घट्ट ठोकली तर फुगायला जागा राहत नाही, आणि फुगणारे लाकूड आतल्या बरगड्या मोडून टाकते. सैल किती, हे बोटाला कळावे लागते. माझा धाकटा भाऊ हंबीरराव डोळे मिटून वात घालायचा. अरे बाप रे, तो हात! मी थोरला, नाव माझे, पण तसा हात मला नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

४. आता जे सांगायचे म्हणून हा कागद केला, ते. अकरा वर्षांपूर्वी वाईचे मधुकरराव यांची होडी आम्ही बांधली. ते सहकुटुंब बघायला येणार होते. लोकांसमोर पाण्याचा एक थेंब आत येऊ नये, अशी मला हाव सुटली. हंबीरराव जेवायला गेला असता मी त्याच्या वातीवर दुसरी वात मोगरीने ठोकून बसवली. तीन दिवस बुडवलीही नाही. होडी कोरडी ठणठणीत राहिली, सगळ्यांनी वाहवा केली. मधुकररावांनी ती तापोळ्याला नेली; कोयनेच्या पाण्यात दुसऱ्या दिवशी लाकूड फुगले, बरगड्या मोडल्या, फळी निखळली. मधुकरराव वल्ह्याला धरून काठाला लागले, म्हणून वाचले. त्यांनी दारात येऊन विचारले, "वात कुणी भरली?" मी म्हणालो, "धाकट्यानं."

मी एवढेच बोललो. हंबीररावाने मान खाली घातली आणि महिन्याभरात तो महाबळेश्वरला गेला. तिथे हॉटेलांच्या खाटा करतो. असला हात खाटा करतो! हे लिहवताना मला माझी लाज वाटते आहे.

म्हणून कारखाना, वाकस, रंधे, पटाश्या ही सगळी हत्यारे आणि नदीकाठची जागा माझ्या मृत्यूनंतर हंबीरराव बाळू सुतार यास. तो निर्दोष होता, हे या कागदाने जाहीर करतो. याची प्रत मधुकररावांना पाठवावी.

पुरवणी, त्याच दिवशी.

हंबीररावाला निरोप धाडून बोलावले होते. तो आल्यावर वरील मजकूर ताईंनी वाचून दाखवला. तो म्हणाला, "आवं आण्णा, मला तवाच ठावं हुतं. मोडकी होडी आणाया मीच तापोळ्याला गेल्तो, निखळलेली फळी मीच पाण्यातनं काढली न्हवं का. फटीत दोन वाती हुत्या. म्या एकच घातलेली."

मी विचारले, "मग बोलला का न्हाईस रं?"

"गिऱ्हाईक तुमच्या नावाला यायचं. तुमचं नाव गेलं आसतं तर कारखाना बंद. मग लाकूड फुगताना कोण बघणार हुतं?"

अकरा वर्षे त्याला ठाऊक होते. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी ताईंना म्हटले, कलम चारमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडा. ताई म्हणाल्या, हयातीत द्यायचे तर वेगळे बक्षीसपत्र लागते. मी म्हटले, ते उद्या करा. किल्ली आजच देतो.

त्याने किल्ली घेतली आणि विचारले, "आत काय काम पडलंय?"

"एक होडी हाय. वाती भरायच्या राहिल्यात."

"मी भरतो. तुमी नुस्तं बसा," तो म्हणाला.

खोडलेल्या शब्दांशेजारी माझी आद्याक्षरे आहेत. मजकूर ऐकला, कबूल आहे.

(सही) नाथाजी बाळू सुतार

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. तानाजी मारुती कोळी, सांगलीवाडी
२. ऋषिराज विलास आवटी, सांगली

सांगलीवाडी, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५