मुक्ताबाईंचे एकेचाळीस श्वास

१७ फेब्रुवारी, सोमवार

देव पावला! शेचाळिसाव्या वर्षी दर महिन्याला पगार देणारी नोकरी मिळाली. पुण्यात वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांची अरेंजमेंट करून कान आणि कंबर दोन्ही कामातून गेले. इथे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर रविराजचा स्टुडिओ आहे आणि शेजारच्याच खोलीत माझी राहायची सोय. खाली प्रेस मशीन धडधडतं, पण खोली स्वच्छ, चहा वेळेवर आणि मालक मला 'सर' म्हणतो. आणखी काय हवं?

पहिलं काम मढीच्या यात्रेसाठीचं गाणं. गायिका तिसगावच्या मुक्ताबाई, सत्तरी ओलांडलेल्या. आवाज आधीच रेकॉर्ड झालाय. त्याभोवती कॉम्प्युटरवर संबळ, ढोल, पेटी रचायची आणि मुखडा-अंतरे जागच्या जागी बसवायचे. आवाज इतका खणखणीत, की प्रवासाचा शीण गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रविराजचं म्हणणं, मुक्ताबाई ओळींच्या मध्ये श्वास फार मोठ्याने घेतात. "सर, पब्लिक डीजेवर ऐकणार. टायर पंक्चर झाल्यासारखं वाटतंय." मोजले, एकेचाळीस भरले. स्क्रीनवर आवाजाच्या निळ्या पट्टीत दोन ओळींमध्ये बारीकसा फुगवटा दिसतो, तो श्वास. माउसने धरायचा, टक् करून उडवायचा, मग रिकामी जागा मिटवायची. हजारदा केलंय मी हे. रविराजला शेजारी बसवून शिकवलं, पोरगा चटकन शिकला. डिस्क भरत आली होती, म्हणून उडवलेलं कायमचं पुसून टाकलं. मुखडा आणि पहिला अंतरा मिळून एकोणीस झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुक्ताबाई नातीला, सृष्टीला, घेऊन ऐकायला आल्या. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज माजाच हाय. पन म्या दम कुटं घेतला ह्यात?" आम्ही सगळेच हसलो.

जाताना जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, त्या मटकन बसल्या. सृष्टी म्हणाली, परवापासून असंच चाललंय. तोवर आजी हंडा घेऊन चढ चढायची. मी वयावर ढकललं. जिने मलाही नकोसे होतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा अंतरा घेतला. अकरा ते साडेअकरा, अठरा श्वास उडवले.

दुपारी सृष्टीचा फोन. आजी भाकरी थापता थापता कोसळली. अकराला सुरू झालं, साडेअकराला थांबलं. डॉक्टरांना छातीत काही सापडत नाही. आजी म्हणते, श्वास घ्यायला जावं तर "मदूनच कुनीतरी उचलून नेतंय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायचीही लाज वाटते. खात्री करायची होती. सृष्टीला फोन लावला, गोळ्यांची चौकशी करत राहिलो आणि एक श्वास उडवला. अगदी छोटा. पलीकडे ती किंचाळली.

मी हे केलं. कळत असून केलं.

आता तीनच उरलेत. पुसलेले परत येत नाहीत. मूळ रेकॉर्डिंगही नाही, त्यावर रविराजने दुसरं काम रेकॉर्ड केलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उरलेल्या तिन्ही श्वासांच्या कॉपी करून लावल्या. उपयोग शून्य. मुक्ताबाई अंथरुणाला खिळल्यात.

शेवटी माइकसमोर बसलो, स्वतःचा एक श्वास रेकॉर्ड केला आणि मुखड्यात बसवला. पाच मिनिटांत सृष्टीचा फोन. आजी उठून बसली, चहा मागतेय.

मीही चहा घेतला. मध्येच एक श्वास — आलाच नाही.

१ मार्च, शनिवार

वीस बसवले. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

मी जिन्यात बसलो. तिसरी पायरी. फार थकलोय. पण बरं वाटतं. इतकी वर्षं नुसतं काढतच आलो होतो.

२ मार्च, रविवार

सतराही बसले. अडतीस पुरे झाले.

सृष्टीने फोन आजीजवळ नेला. "दादा, दम आला रं," म्हणाल्या. मला रडू आलं. रडायलाही श्वास लागतो —

रविराजला सगळं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

३ मार्च, सोमवार

उठवत नाही. खालचं मशीन बंद. रविराजने चहा-बिस्किटं आणून ठेवली. चांगला पोरगा. म्हणाला, "सर, तुम्ही पडून राहा. गाणं आजच पाठवायचंय. श्वास राहिलेत तेवढे मी उडवतो. तुम्हीच तर शिकवलंय."

नको म्हणायला गेलो. आवाज फुटला नाही. वहीत लिहून दाखवावं तर — तो गेला. कानाला हेडफोन.

भिंतीपलीकडे माउस. टक्.

त्या तिकडे तिसगावला — मी इकडे — दोघांचेही —

टक्.

रवि, जागा मिटवू न