सातपायरीच्या घाटात फुटलेल्या बाटल्या

मी, गिरधर लोटन पाटील, वय ७१, धंदा शेती व परवान्याने फेसाळ वाइन करणे, राहणार प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, स्वखुशीने हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेले, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. वहीत याआधी एक मसुदा लिहिला होता, तो रद्द समजावा. का, ते पुढे येईल.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी रंजनाबाई हिची. तिच्यानंतर घर मुलगा हेमकांत व मुलगी दामिनी यांचे, निम्मे निम्मे. हेमकांत सुरतेला स्थायिक आहे. त्याने वर्षातून एकदा तरी येऊन आपल्या निम्म्यात झाडू मारावा.

२. तापीकडचा दीड एकर द्राक्षमळा दामिनीला. चहूबाजूंनी केळी आणि ऊस असताना मी द्राक्षे लावली तेव्हा अख्खे गाव हसले होते. हेमकांतला तिथे केळी लावायची आहे. लावू नये. विहिरीकडची तीन एकर त्याला दिली आहे, तिथे हवे ते लावावे. मळ्यात रासायनिक खत आणू नये. अश्विनात गायीच्या शिंगांत शेण भरून पुरावे, चैत्रात काढावे, पाण्यात तासभर ढवळावे आणि संध्याकाळी शिंपडावे. हे सगळे दामिनीला माझ्याहून चांगले येते. ढवळताना मी मध्ये बोललो तर मलाच दटावते.

३. धाकटा भाऊ अमृत. शिंगे पुरताना पाहून याने मी करणी करतो अशी आवई उठवली आणि पोलीस पाटलाला मळ्यात आणले. पोलीस पाटलाने एक शिंग उकरले, हुंगले आणि आपल्या मिरच्यांसाठी दोन मागून नेली. अमृतलाही दोन शिंगे देतो. राग संपला.

४. बाटल्या उलट्या लावायच्या लाकडी घोड्या दामिनीला. रोज प्रत्येक बाटली पाव वळसा फिरवली की गाळ मानेत उतरतो. या घोड्या शहाद्याच्या हारुन मिस्तरींनी अशा बनवल्या की वीस वर्षांत एक खिळा हलला नाही. मिस्तरींना काही देत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि वकील म्हणतात, ज्याला मिळणार त्याची साक्ष घेऊ नये.

५. आता रूपसिंग पावरा, राहणार तोरणमाळ, घाटात प्रवासी जीप चालवायचा. आमच्या वाइनला फेस बाटलीतच येतो. त्यासाठी बाटली बंद करण्याआधी मोजून साखर आणि यीस्ट घालायचे आणि मग बाटल्यांना महिनोन्‌महिने गारव्यात झोपवायचे. प्रकाशाच्या उन्हाळ्यात गारवा कुठला? म्हणून दर एप्रिलला पहाटे निघून रूपसिंगच्या जीपमधून बाटल्या वर डोंगरावर, थंड तोरणमाळला नेत असू. त्याच्या घराची मागची कुडाची खोली आमचे तळघर होती. मी आणि रंजना आठ-आठ दिवस तिथे राहायचो. सकाळी बाटल्या पाहायच्या, दुपारी भाकरी आणि उडदाची डाळ, संध्याकाळी अंगणात गप्पा. रूपसिंग वाइनचा एक घोट घ्यायचा आणि तोंड वाकडे करून मोहाचीच बरी म्हणायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. आता प्रकाशाला घरच्याच एका खोलीला एसी लावला आहे. फेस येतो, पण मला ती वाइन गोड लागत नाही.

६. एप्रिल २००९ मध्ये सातपायरीच्या वळणावर जीपमध्ये बाटल्या एकामागून एक फुटल्या. मागे बसलेल्या रंजनाचा डावा डोळा काचेने गेला. मी सगळ्यांना सांगितले, तोरणमाळलाही आणि खालीही, की रूपसिंगने वळण जोरात घेतले. ते खोटे होते. जीप बैलगाडीच्या चालीने चालली होती. त्या वर्षी साखर दोनदा पडली होती, त्यामुळे बाटल्यांत दाब वाढला होता. रंजनाने आधीच घातली होती, मी तिला न विचारता पुन्हा घातली. घरी येऊन साखरेच्या रिकाम्या पिशव्या मोजल्या तेव्हाच मला कळले. तोवर मी बोलून बसलो होतो. लोक रूपसिंगच्या गाडीत बसेनात. वर्षाच्या आत त्याने जीप विकली आणि दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागला. तो माझ्याशी एका शब्दानेही भांडला नाही. मला लाज वाटते.

मसुद्यात मी माझी बोलेरो रूपसिंगला लिहून दिली होती, कारण न देता. गेल्या रविवारी तो रंजनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "साखरनं माले माहीत व्हतं. पहिली तर मीच टाकेल व्हती ना! सोळा वरीस मी वाट देखी, तुम्ही कव्हय सांगतस. मी बी गप बसनू, मन्हीबी चूक शे." मी म्हणालो, माझ्यामागे कागद बोलेल. तेव्हा मात्र ती चिडली. "तुम्ही मरावर त्यानी गाडी चालाडानी का? जित्ता शेतस तवयच जाईसन तोंडवर सांगा."

म्हणून बोलेरो दामिनीला, रूपसिंगला साक्षीदार करायचे, आणि हे मृत्युपत्र प्रकाशाला घरी लिहून सहीसाठी इथे वर तोरणमाळला आणले आहे. रंजना आणि हारुन मिस्तरी सोबत आहेत.

पुढचे इथेच बसून लिहिले आहे. सही होण्याआधी रूपसिंगने मला कलम सहा वाचायला लावले. वाचून झाले तेव्हा म्हणाला, "आखो एकदाव वाचा, पाटील." मी पुन्हा वाचले. मग तो उठला, पाड्यावरच्या घराघरांतून माणसे बोलावून आणली, त्यांना अंगणात बसवले आणि मला म्हणाला, "आते मोठ्यानं." मी उभा राहून मोठ्याने वाचले. कोणी पाणी दिले नाही. मी मागितलेही नाही.

नंतर त्याने पेन मागितले. साक्षीदाराची सगळी माहिती त्याने स्वतःच्या हाताने भरली आहे.

ठिकाण : तोरणमाळ
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

गिरधर लोटन पाटील (सही)

साक्षीदार :
१. हारुन मिस्तरी, रा. शहादा, धंदा : सुतारकाम (सही)
२. रूपसिंग पावरा, रा. तोरणमाळ, धंदा : ड्रायव्हर (सही)